स्मिताच्या चित्रपटांची उतरंड लावणाऱ्यांना खुले पत्र

पुरवण्यांचे संपादक, चित्रपट समीक्षक आणि वाहिन्यांवर 'सर्वोत्तम दहा' ठरवणारी समस्त मंडळी यांना,

स. न. वि. वि.

वर्षातून दोनदा तुमची हटकून आठवण येते. एकदा १७ ऑक्टोबरला आणि एकदा १३ डिसेंबरला. पहिल्या तारखेला, १९५५ साली, स्मिता पाटील पुण्यात जन्मली. दुसऱ्या तारखेला, १९८६ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. या दोन्ही दिवशी तुम्ही तिच्या चित्रपटांची उतरंड लावता. खऱ्या उतरंडीत सगळ्यात मोठं, भक्कम मडकं तळाला असतं. तुमच्यात ते टोकावर बसवतात, त्यामुळे तुमची रचना दरवर्षी कोसळते यात नवल नाही.

ती रचना आता मला तोंडपाठ झाली आहे. पहिला 'भूमिका'. दुसरा 'मंथन' किंवा 'अर्थ', त्या दिवशी लिहिणाऱ्याला जो आधी आठवेल तो. मग 'मिर्च मसाला', 'अर्धसत्य', 'चक्र', 'निशांत'. आठव्या-नवव्या जागेवर 'उंबरठा', तोही पुष्कळदा 'सुबह' या हिंदी नावाने. 'जैत रे जैत' बहुतेक वेळा नसतोच. तळाला 'नमक हलाल', आणि त्याच्या शेपटीला त्या पावसातल्या गाण्याच्या चित्रीकरणानंतर ती कशी रडली याचा किस्सा. सोबत जीन्सवर साडी गुंडाळून ती दूरदर्शनवर बातम्या वाचायची हा दुसरा किस्सा. किस्से झाले, यादी झाली, पान भरलं.

कलेची क्रमवारी लावू नये असलं सोवळं मी पाळत नाही. आम्ही मैत्रिणी आशाबाईंच्या कोणत्या गाण्याला कितवा नंबर द्यायचा यावरून रात्री दोन दोन वाजेपर्यंत भांडलो आहोत. तेव्हा यादी जरूर लावा. फक्त तुम्ही लावता ती यादी स्मिताची नसते. ती असते श्याम बेनेगलांची, सत्यजित रायांची, गोविंद निहलानींची. त्यात स्मिताचा फोटो चिकटवलेला असतो, एवढंच.

पटत नसेल तर 'सद्गती' घ्या. १९८१ साली रायांनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर केलेला जेमतेम पाऊण-एक तासाचा चित्रपट. लाकूड फोडता फोडता मरणारा दुखी म्हणजे ओम पुरी, तो डोळ्यांपुढून हलत नाही. स्मिता त्याची बायको. तिच्या वाट्याला मोजकी दृश्यं आहेत आणि ती तिने चोख केली आहेत. पण एका नामवंत यादीत तो चौथा आणि 'उंबरठा' नववा पाहिला, तेव्हा चौथा नंबर कोणाला दिला हे स्पष्टच होतं. 'अर्धसत्य'चंही तेच. तो १९८३चा, आणि माझ्या मते हिंदीतल्या पोलीसपटांत आजही सगळ्यांच्या पुढचा. पण ज्योत्स्ना गोखले ही प्राध्यापिका त्यात आहे ती अनंत वेलणकरला आरसा दाखवायला. आरसा लख्ख आहे. म्हणून त्याला तसबीर म्हणायचं का?

थोर चित्रपट आणि थोर काम या दोन गोष्टी तुम्ही एकाच तागडीत टाकता. त्यांची फारकत करायची तर मोजमाप हवं. माझं मोजमाप मी बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलं, आणि ते अगदी साधं आहे: समोरचं माणूस बोलत असताना स्मिता काय करते?

नटाचं ऐकणं पाहायला आपण शिकलेलो नाही. आपल्याकडे संवादाला टाळी पडते. पण बातम्या वाचण्यापासून, म्हणजे निव्वळ बोलण्यापासून, पडद्यावर सुरुवात केलेली ही बाई पुढे हिंदी-मराठीतली सगळ्यात मोठी ऐकणारी झाली, हे मला फार गमतीचं वाटतं. ती ऐकते तेव्हा मान हलत नाही, पापण्या फडफडत नाहीत. कपाळावर अगदी बारीक काहीतरी होतं, आणि समोरच्या वाक्याचं वजन आपल्याला कळतं. ज्या दिग्दर्शकाने तिला असं ऐकू दिलं, त्याचा चित्रपट माझ्या यादीत वर. ज्याने तिला नुसतं नाचवलं, पळवलं किंवा रडवलं, त्याचा खाली.

या हिशेबाने पहिला 'उंबरठा'. दुसऱ्याशी अंतर राखून पहिला.

शांता निसळांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९८२ साली हा चित्रपट केला, हे तुम्ही छापताच. त्यापुढचं छापत नाही. सुलभा महाजनचं घर वाईट नाही. कुणी तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. नवरा वकील आहे, सुशिक्षित आहे. सासूचं समाजकार्यात मोठं नाव आहे. पण त्या घराच्या लेखी समाजकार्य म्हणजे आपल्या गावात, आपल्या मोटारीतून जाऊन, संध्याकाळी वेळेवर घरी परत येऊन करायची गोष्ट. पगार घेऊन, परगावी राहून, लहान मुलीला मागे ठेवून करायची गोष्ट नव्हे. सुलभा नेमकं तेच करते. एका महिलाश्रमाची अधीक्षक होते.

आश्रमातल्या बायका तिच्याशी बोलायला लागतात तेव्हा नीट पाहा. सुरुवातीला सुलभा शिकून आलेल्या बाईसारखी ऐकते. तिच्या डोक्यात समोरच्या बाईचं 'प्रकरण' तयार होताना दिसतं. काही काळ गेल्यावर ती प्रकरण ऐकायचं थांबवते आणि बाई ऐकायला लागते. हा बदल कुठल्याही संवादात लिहिलेला नाही, तो फक्त तिच्या चेहऱ्यावर आणि खांद्यांवर आहे. आणि लेखकाने तिला देवी केलेलं नाही, हे विशेष. ती नियमांना चिकटते, चुकते. आश्रमातल्या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, तेही तिच्या समजुतीच्या पलीकडचं आहे. वरून समिती, पुढारी, चौकशी यांचा फास आवळत जातो. स्मिता हे सगळं साध्या साडीत आणि चष्म्यामागून करते. ना नाच, ना वेशांतर, ना दारूचा पेला.

मी 'उंबरठा' पहिल्यांदा पाहिला तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि खरं सांगायचं तर मला गिरीश कार्नाडांचा नवरा पटला होता. किती शांत बोलतो! आवाज चढवत नाही, बायकोला भेटायला एवढ्या लांब जातो. बाईला आणखी काय हवं, असं मला वाटलं होतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या वेळी मला पहिल्यांदा ऐकू आलं की त्याच्या प्रत्येक सौम्य वाक्यात निर्णय आधीच घेतलेला असतो. सुलभा घरी परतते तेव्हा मुलगी जावेच्या पदराला धरून आहे आणि नवरा आपल्या दुसऱ्या संबंधाबद्दल तितक्याच शांतपणे सांगतो, कोर्टात तारीख पडल्याचं सांगावं तसा. तो बोलतो, ती ऐकते. एखाद्या बाईचं पुढचं सगळं आयुष्य एका ऐकण्यात ठरताना मी पडद्यावर दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. मग ती निघते. आपण तिच्याबरोबर आगगाडीत उरतो.

या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अभिनेत्रीसाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले ते 'भूमिका' आणि 'चक्र'साठी, आणि तुमच्या याद्या बहुधा तिथूनच नक्कल होतात. परीक्षकांनी एकदा ठरवलं की पुढच्या चाळीस वर्षांच्या यादीकारांची सुटका.

'भूमिका' (१९७७) दुसरा. इथे मी तुमच्या जवळपास आहे, तेव्हा भांडण कमी. बेनेगलांनी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून केला. स्मिता तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरून नुकती पुढे गेलेली, आणि पडद्यावर ती किशोरी ते थकलेली नटी असा प्रवास करते. निहलानींचा कॅमेरा त्या त्या काळाप्रमाणे कृष्णधवल आणि रंगीत होत जातो. आत्मचरित्राच्या नावातच बाई म्हणते, 'मी सांगते, तुम्ही ऐका'. चित्रपटात मात्र तिचं कुणीच ऐकत नाही. अमोल पालेकरांचा केशव तिच्या कमाईचा हिशेब ठेवतो, नसिरुद्दीनचा दिग्दर्शक तत्त्वज्ञान पाजतो, अमरीश पुरींचे काळे वाड्याचा दरवाजा लावून घेतात, आणि अनंत नागचा राजन वाट पाहत राहतो. प्रत्येकजण बोलतो. उषा ऐकते, आणि दर वेळी ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर 'हाही तसलाच' हे उमटत जातं. मला वाड्यातला भाग सगळ्यात आवडतो. बाहेर जत्रेला जाण्याएवढी साधी इच्छा, आणि ती पुरी करायलाही परवानगी लागते हे कळतानाचा तिचा तो चेहरा.

मग दुसरा का? कारण 'भूमिका'त सगळा चित्रपट तिला पुढे ढकलतो. वेश बदलतात, वय बदलतं, गाणी आहेत, चार पुरुष आहेत, चंदेरी दुनिया आहे. कुठल्याही नटीला असा ऐवज दिला तर ती काही ना काही करून दाखवेल. स्मिताने त्याचं सोनं केलं, पण 'उंबरठा'त तिच्या हाती फक्त एक टेबल आणि हजेरीपट होता. (आमच्या घरात या वाक्यावरून एकदा जेवण गार झालं आहे. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की ऐवज जास्त असला की बिघडवायच्या संधीही जास्त असतात. मुद्दा बरोबर आहे. क्रम बदलणार नाही.)

तिसरा 'जैत रे जैत', तोही १९७७चा, आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी तो पाहिलेला नाही हे मी पैजेवर सांगते. गाणी ऐकली आहेत. हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोर यांच्यामुळे ती सगळ्यांनीच ऐकली आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, डोंगरात राहणाऱ्या ठाकरांचा हा चित्रपट. मोहन आगाशेंचा नाग्या राणीमाशीचा सूड घ्यायच्या ध्यासाने पेटलेला, आणि नवऱ्याला सोडून आलेली स्मिताची चिंधी त्याच्यावर जीव लावून बसलेली. माझ्या ऐकण्याच्या कसोटीला चिंधी सुरुवातीला भीकच घालत नाही. ती कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाहीच. ती पळते, खिदळते, हवं ते मागते, नको ते टाकते. पण नाग्या डोंगराकडे बघत बोलायला लागला की ती गप्प होते. आपल्या माणसाचं वेड आपल्यापेक्षा मोठं आहे हे तिला कळलेलं असतं, आणि तरी ती त्याच्या बाजूला उभी असते. त्याच वर्षी 'भूमिका'तली उषा करणारी हीच मुलगी! शहरातली नटी आणि रानातली ठाकरीण, दोन्हींत तिचे पाय जमिनीवर वेगळे पडतात. चालीवरून ओळखा, मी म्हणते. शेवट सांगत नाही. निम्म्यांनी अजून पाहायचा आहे.

चौथा 'मिर्च मसाला'. केतन मेहतांचा हा चित्रपट ती गेल्यानंतर १९८७ साली लागला, त्यामुळे तो पाहताना घसा आधीच दाटलेला असतो, आणि यादीत तो वर चढतो त्यात या हुंदक्याचा वाटा आहे. तो बाजूला ठेवूनही चौथा. सुरुवातीलाच नदीकाठी सुभेदाराचे घोडे येतात, बाकीच्या बायका घागरी टाकून पळतात, सोनबाई तिथेच थांबते. पुढे सुभेदाराला हवी असलेली ती बराच चित्रपट मिरचीच्या कारखान्यात कोंडलेली आहे आणि बाहेर अख्खं गाव तिच्याबद्दल बोलतंय: मुखी, पंच, खुद्द तिच्याबरोबरच्या बायका. 'जा ना बाई एकदाची, आमचा जीव वाचव' हे आपल्याच बायांकडून ऐकताना तिच्या डोळ्यांत जे येतं ते शेवटच्या हातातल्या विळ्यापेक्षा धारदार आहे. तुम्ही मात्र दर वेळी तो विळाच छापता. चित्रही मान्य, पण एखाद वर्षी दुसरं छापा.

पाचवा 'चक्र'. जयवंत दळवींची कादंबरी, रवींद्र धर्मराजांचं दिग्दर्शन, लोकार्नोच्या महोत्सवात १९८१ साली सर्वोच्च पुरस्कार. दिग्दर्शक त्याच वर्षी वारला. झोपडपट्टीतल्या अम्माला स्मिताने जी आच दिली तिच्याबद्दल दुमत नाही. इथे मला चीड येते ती चित्रपटाबाहेरच्या गोष्टीची: नळावरच्या अंघोळीचं दृश्य जाहिरातीच्या फलकांवर लावलं गेलं. आडोसा नसलेल्या बाईची अडचण सांगणारं ते दृश्य होतं, आणि त्याचाच तिकीटखिडकीसाठी आडोसा काढून घेतला गेला. आता तुमच्याकडे वळते. आजही 'चक्र'चा उल्लेख आला की तुमच्या पानावर तेच छायाचित्र असतं. फलक लावणाऱ्यांना गल्ल्याची घाई होती. तुम्हाला कसली आहे?

सहावा 'मंथन' (१९७६). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फुटावर माझी माया आहे. बिंदू ही स्मिताच्या नजरेची सुरुवात म्हणावी अशी. शहरातून आलेला डॉक्टर राव सहकाराबद्दल बोलतो आणि ती त्याच्याकडे पाहते. ती सहकार ऐकतेय की त्याला, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. त्याच बाईच्या अंगठ्याने पुढे त्याच्यावर खोटा आळ येतो. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने या चित्रपटाची नवी प्रत तयार केली, ती २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर आपल्याकडे चित्रपटगृहांतही लागली. तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत. छान केलंत. 'उंबरठा' आणि 'जैत रे जैत' मोठ्या पडद्यावर लख्ख पाहायला मिळावेत म्हणून तुमच्या एखाद्या रकान्यातून असाच धोशा लागलेला माझ्या वाचनात नाही.

सातव्या जागी 'अर्थ', आणि इथे माझी कसोटी मोडते हे मान्य करते. कविता सन्याल कुणाचं ऐकतच नाही. तिला ऐकू येतात ते स्वतःच्या डोक्यातले आवाज. समोर शबाना असते, चित्रपट शबानाचा असतो, सहानुभूती सगळी शबानाकडे, त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही शबानाला. अशा चित्रपटात 'दुसरी बाई' व्हायला आणि तिला जराही गोड न करायला छाती लागते. दुसरीचं घर मोडून आपलं कसं टिकणार, ही भीती तिने अंगात भिनवून घेतली आहे. तुम्ही हा तिसरा लावता. माझ्याकडे सातवा, कारण काही प्रसंगांत वेड हे काम करतं आणि स्मिता त्याला वाट करून देते. वाद घालता येईल. घाला.

'गमन' आणि 'बाजार' आठवा-नववा, कुठलाही आधी घ्या. मुझफ्फर अलींच्या 'गमन'मध्ये (१९७८) नवरा मुंबईत टॅक्सी चालवतो आणि खैरून उत्तरेतल्या गावात वाट पाहते. वाट पाहणं हा अभिनय करायला फार अवघड प्रकार, कारण त्यात काही घडत नाही. 'बाजार'मधली नजमा उलट: तिच्याच हातून एका पोरीचा सौदा होतो, आणि हे आपण काय केलं हे तिला फार उशिरा ऐकू येतं.

इथून पुढे दाटी होते. मृणाल सेनांच्या 'आकालेर संधाने'त (१९८०) ती स्मिता नावाचीच नटी झाली आहे, दुष्काळावरचा चित्रपट करायला बंगालच्या खेड्यात आलेली. कल्पना एवढी सुंदर की तिच्यापुढे काम थोडं झाकोळतं. अरविंदनांचा मल्याळी 'चिदंबरम' (१९८५) दहात बसवायचा मोह मला होतो. त्यात ती फार कमी बोलते, आणि डोंगरउतारावरून फुलांकडे पाहणारी ती नवी नवरी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बंगाली, मल्याळी, गुजराती, मराठी, हिंदी. तुमच्या यादीत मात्र एकाच भाषेची तिकिटं विकली जातात. 'निशांत', 'मंडी', 'अल्बर्ट पिंटो', 'सद्गती', 'अर्धसत्य' हे सगळे चित्रपट म्हणून अव्वल, स्मिताचे म्हणून दुसऱ्या फळीतले.

'आखिर क्यों?'ची (१९८५) जागा मात्र तुम्ही फार खाली लावता. गुळगुळीत आहे, शेवटी शेवटी पाकात बुडतो, कबूल. पण नवऱ्याने फसवल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहून लेखिका झालेली ती निशा ज्यांनी दुपारच्या खेळाला पाहिली, त्या बायकांना तिच्यात काय सापडलं हे विचारायला तुम्ही कधी गेला नाहीत. कलात्मक चित्रपटांच्या वाटेला कधी न गेलेल्या माझ्या मावश्यांना स्मिता माहीत होती ती या चित्रपटामुळे. बारावा-तेरावा नंबर तरी द्या.

आता तळ. तळाकडे जाण्याआधी एकदा १९८२ हे साल उघडून बघा. 'उंबरठा', 'अर्थ', 'बाजार', 'शक्ती', 'नमक हलाल', 'बदले की आग'. एकाच बाईचे, एकाच सालात लागलेले. 'घसरली' म्हणायला आधी वर, मग खाली असा क्रम लागतो. इथे सगळं एकदमच चाललंय. सकाळी सुलभा, दुपारी 'नमक हलाल'ची पूनम. तेव्हा 'समांतर चित्रपटातून धंदेवाईक चित्रपटात गेलेली स्मिता' हे तुमचं लाडकं वाक्य तारखांपुढे टिकत नाही.

'शक्ती'त तिला दिलीपकुमार आणि अमिताभ यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं होतं. त्या फटीत जेवढा उजेड येत होता तेवढा तिने घेतला. 'नमक हलाल' ही धमाल आहे, आणि ज्याला तो आवडत नाही त्याच्याशी माझं फारसं जमत नाही. पण धमाल अमिताभची. त्या पावसातल्या गाण्यात ती वाईट नाचली असं तुम्ही लिहिता. ती नाचतच नाही हो, ती भिजते. तिला ते रुचलं नसेल, पण पडद्यावर तिने कुरकुर केलेली नाही. हा चित्रपट शेवटचा कशासाठी? शेवटून सातवा-आठवा ठेवा.

खरे तळाचे चित्रपट तुमच्या यादीत येतच नाहीत, कारण ते तुम्ही पाहिलेले नाहीत. मी पाहिले आहेत, आणि त्या वेळेचा मोबदला मला कुणी देणार नाही. 'कसम पैदा करने वाले की' (१९८४) पाहा, किंवा ती गेल्यावर लागलेला 'डान्स डान्स' (१९८७), ज्यात ती मिथुनची सोसणारी बहीण आहे. सोसणं तिच्यापेक्षा चांगलं कोण करणार होतं? पण तिथे सोसण्याला कारण नाही, फक्त पार्श्वसंगीत आहे. समोरचा बोलतो तेव्हा कॅमेरा बोलणाऱ्यावर. ती ऐकते की नाही हे पाहायला कुणी थांबलेलंच नाही.

अगदी शेवटचा माझ्या मते 'बदले की आग'. धर्मेंद्र, सुनील दत्त, जितेंद्र, रीना रॉय अशा गर्दीत स्मिता पाटील आहे, आणि नसती तरी एकही फूट फिल्म इकडची तिकडे झाली नसती. तो वाईट यासाठी की 'उंबरठा'च्या सालातल्या स्मिताला बोलावून त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. हा शेवटचा नंबर तिच्या नावावर टाकू नका. यादीला 'स्मिताचे सर्वांत वाईट चित्रपट' असं शीर्षक देता, तेव्हा वाईट कोण होतं हेही त्याच ओळीत येऊ द्या. आणि ती गेल्यावर १९८९पर्यंत लागत राहिलेले तिचे चित्रपट तळाच्या मोजणीत घेणार असाल, तर निदान तारखेपुढे एक फुली मारा.

तेव्हा विनंती अशी. येत्या १७ ऑक्टोबरला यादी लावाल तेव्हा 'उंबरठा'ला 'उंबरठा' म्हणा. 'सुबह' ही त्याचीच हिंदी आवृत्ती. ती वेगळी मोजायची तर मोजा, पण मूळ नाव गाळून नको. 'जैत रे जैत' पाहून मग गाळा, न पाहता गाळू नका. दोन रकाने करा, एक चित्रपटाचा आणि एक तिच्या कामाचा, आणि 'सद्गती' दोन्हींत कुठे कुठे बसतो ते स्वतःच बघा. नळावरचा फोटो काढून टाका. जीन्सचा किस्सा एक वर्ष विश्रांतीला पाठवा. त्याने वाचलेल्या जागेत, सुलभा महाजनच्या नवऱ्याचं ते शांत बोलणं चालू असताना स्मिता काय करते, एवढंच चार ओळींत लिहा. चार ओळींत जमलं नाही तर मला कळवू नका, पुन्हा चित्रपट पाहा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुरवणीतली यादी आधी वाचून मग बातम्यांकडे वळणारी एक वाचक

ता. क. पत्र टपालात टाकण्याआधी घरात वाचून दाखवलं. 'चिदंबरम'ला दहात जागा दिली नाही म्हणून एक सही कमी झाली आहे.